पाहुण्याची पंगत

आमच्या शेजारचे तुरकर काका रोज दिवेलागणीला एका पक्ष्याला जेवणाचा आग्रह करतात. आग्रह म्हणजे अगदी लग्नाच्या पंगतीतला. कमरेत वाकायचं, हातात वाटी धरायची आणि म्हणायचं, "घे गा, एक घे. माह्या हातचं घे." समोर स्टीलची ताटली. ताटलीत किसलेलं गाजर, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. ताटलीच्या काठावर एक पांढरा-पिवळा पक्षी, डोक्यावर तुरा, गालांवर केशरी टिकल्या आणि चेहरा मानपान चुकलेल्या व्याह्याचा. त्याच्या शेजारी, तशीच ताटली पुढ्यात घेऊन, मी.

मी तिथं का बसते, हे मलाही कधीकधी कळत नाही. दिवसभर बोलून घसा बसलेला असतो, पाय दुखत असतात, घरी धुण्याचा ढीग पडलेला असतो, आणि मी एका पक्ष्यासमोर बसून कच्चं गाजर चावत असते.

गोंदियाजवळ फुलचूरला आमची घरं एकमेकांना लागून आहेत. मधे खांद्याएवढी भिंत. मी शिक्षिका. शाळा पार तिकडं इटियाडोह धरणाच्या बाजूला. सकाळच्या पॅसेंजरनं अर्जुनीपर्यंत जायचं, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढं, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. नवरा रेल्वेत गार्ड आहे. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, आणि जागा असतो तेव्हा डोंगरगडच्या पलीकडं असतो. मुलगा शिकायला बाहेर. त्यामुळं माझं रात्रीचं जेवण बरीच वर्षं गॅसच्या ओट्यापाशी उभ्यानं व्हायचं. कढईतून ताटात घ्यायचाही कंटाळा यायचा. हे दुःख म्हणून सांगत नाही, सोय म्हणून सांगते.

काका त्या पक्ष्याला 'कॉकटेल' म्हणतात. खरा शब्द 'कॉकाटील' आहे, हे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं. पण पक्षी विकणारे कॉकटेलच म्हणतात आणि काकांचा सवाल असतो, "इकनाऱ्याले जास्त मालूम का तुमाले?" एकदा नवरा घरी असताना काकांनी भिंतीवरून हाक मारली, "साहेब, आज आमच्याकडे या ना. कॉकटेलसंगं बसू." नवऱ्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, मला "उशीर होईल" असं सांगून गेला आणि थोड्याच वेळात परत आला. "गाजर होतं," एवढंच म्हणाला आणि झोपला. काकांनी उभ्या आयुष्यात दारूला शिवलेलं नाही, हे त्याला मी आधी सांगायला हवं होतं. पण मी थकले होते, आणि थोडी गंमतही बघायची होती.

काका देवरीकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. लांबच लांब व्हरांड्यात पोरांच्या पंगती बसायच्या आणि काका बादली घेऊन भात वाढत जायचे. नोकरी संपली तरी चाल तीच राहिली. थोडं वाकून, उजवा हात पुढं, डाव्या हातात बादली असल्यासारखं अंग कललेलं. बाजारात चालतानासुद्धा मला वाटतं, हे आता कोणाच्या तरी पानात काहीतरी टाकणार.

पंगतीच्या टोकाला पोचलं की वाढणारा विचारतो ना, तसं काका विचारायचे, "कोनी राहिला का?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला आहे की तो कुठंही बाहेर पडतो. ऑटो निघायला लागला की डोकं बाहेर काढून, "कोनी राहिला का?" पोलिओचे डोस द्यायला आलेल्या बाया निघाल्या की फाटकात उभे राहून, "कोनी राहिला का?" गल्लीतल्या एका लग्नात फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीत उभं केलं, हसायला सांगितलं, आणि नेमक्या त्या क्षणी काकांनी हा प्रश्न विचारला. त्या फोटोत सगळ्यांनी माना मागं वळवलेल्या आहेत.

घरीही तेच. शांताकाकू होत्या तेव्हा काका त्यांना आधी बसवायचे. काकू म्हणजे लहानखुऱ्या, कमी बोलणाऱ्या, आपल्या मताच्या पक्क्या. त्या एकट्या ताटावर बसलेल्या, आणि काका दोन पावलांच्या स्वयंपाकघरात या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत चालले आहेत. शेवटी त्या एकटीला विचारायचे, "कोनी राहिला का?" काकू मान वर न करता म्हणायच्या, "तुमीच राहिले. बसा आता." मग काका बसायचे. भिंतीपलीकडून हे रोज रात्री ऐकू यायचं. मला तेव्हा त्याचा जरासा वैतागच यायचा. दोन माणसांच्या जेवणाला एवढा कार्यक्रम कशाला, असं वाटायचं.

काकूंच्या शेवटच्या उन्हाळ्यात हा पक्षी आला. काकांच्या वरच्या खोलीत बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी एक मुलगी भाड्यानं राहायची. तिचा हा पक्षी. ती गावाला निघाली तेव्हा म्हणाली, "आंटी, चार दिन रख लो." तिकडूनच तिला कुठं तरी दक्षिणेत नोकरी लागली, आणि ती फोनवर म्हणाली, "अब आप ही रख लो." काकूंनी त्याला नाव ठेवलं नव्हतं. चार दिवसांच्या पाहुण्याचं काय नाव ठेवायचं, म्हणाल्या. म्हणून तो पाहुणाच राहिला. तुरकरांच्या घरी तुरेवाला आला, असं गल्ली म्हणायची. काकू त्याला तळहातावर सूर्यफुलाच्या बिया धरायच्या आणि तो एकेक सोलून खायचा.

मग काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि गेल्याच. तेरवीला घरच्या माणसानं वाढायचं नसतं, असं दहा जणांनी सांगितलं, तरी काकांनी बादली सोडली नाही. ओळीच्या टोकाला गेले आणि सवयीनं विचारलं, "कोनी राहिला का?" सगळे पानात बघत राहिले. मीसुद्धा.

त्यानंतर काकांनी सगळा जोर पाहुण्यावर काढला. माणसाला माया दाखवायची म्हणजे त्याच्या पानात काहीतरी घालायचं, एवढंच त्यांना येतं. सूर्यफुलाच्या बिया वाटीभरून. वर वरण-भात, मिठासकट. चहात बुडवलेलं बिस्कीट. बशीतला चहा. "भात खाल्ल्याबगर पोट भरते काय कोनाचं?" हा त्यांचा सिद्धांत. आमच्या जिल्ह्यात हा सिद्धांत कोणी खोडून काढणार नाही. पण पाहुणा गोंदियाचा नव्हता. तो फुगत गेला. उडायचा बंद झाला. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसायचा आणि नुसता धापा टाकायचा.

एका संध्याकाळी काका भिंतीपाशी उभे होते. हाक मारली नाही, नुसते उभे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मॅडम, पाहुना जाऊन राहिला वाटते."

इथल्या गुरांच्या डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, की म्हैस असेल तर आणा, याला नागपूरला न्या. मग रविवारी आम्ही गाडीनं निघालो. पिंजऱ्यावर माझी शाल. माझा आठवड्यातला तो एकच झोपेचा दिवस. नागपूरची डॉक्टरीण तरुण, चटपटीत, हिंदी-इंग्रजी एकत्र बोलणारी. तिनं पाहुण्याला टॉवेलमध्ये धरून पोट दाबलं, चोच बघितली. तेवढ्यात आमच्या हेडमास्तरांचा फोन आला. रविवारीच त्यांना कामं आठवतात. मी बाहेर गेले. परत आले तोवर काका पिंजऱ्यावर शाल घालत होते.

"काय म्हणाल्या?"

"लिवरवर चरबी चढली म्हने. सूर्यफूल बंद. मीठ बंद, तेल बंद, चहा बंद. नाइ सुधारला तं जास्त दिवस नाइ काढत." काकांनी शालीचं टोक खोचलं. "अना त्याले प्लेटीवर आना म्हने."

"प्लेटीवर?"

"हाव. धीरे धीरे प्लेटीवर आना. अना सगरे समोर बसून खा म्हने. पाहून पाहून खाइल."

मला ते विचित्र वाटलं. पण मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचं काही सांगता येत नाही, आणि परतीची गाडी सुटायला आली होती.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणा प्लेटीवर आला. काकांनी काकूंच्या लग्नातली लहान ताटली काढली. व्हरांड्यात सतरंजी घातली. पिंजऱ्याचं दार उघडून पाहुण्याला ताटलीच्या काठावर बसवलं. तो उतरून चालू लागला. काकांनी परत बसवलं. तो ताटलीत शिटला. काकांनी ताटली धुऊन परत मांडली. आश्रमशाळेत पहिलीच्या पोरांना पंगतीत बसवणं याहून सोपं नव्हतं, म्हणाले. "नवं पोट्टं असंच करते. घरची याद येते त्याले."

ताटलीत काय? डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, गाजर, मूग, कधी उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर चुरा. जाळीला समुद्रफेसाचा तुकडा टांगला, चोच घासायला आणि हाडांसाठी. ॲव्होकॅडो विष आहे, असं डॉक्टरीण म्हणाली होती. ते फळ मी गोंदियात पाहिलेलं नाही, पण काका भाजीवाल्याला रोज विचारून खात्री करून घ्यायचे, की आणलं तर नाही ना. भाजीवाल्याला वाटायचं, यांना हवं आहे. तो म्हणायचा, "मंगवा देता हूँ, अंकल," आणि काका घाबरून घरी यायचे.

पाहुणा काही खाईना. पाल्याकडे बघून पाठ फिरवायचा. काका समोर बसून गाजर चावायचे, तोंड मोठ्यानं वाजवायचे, तरी नाही. दोन-तीन दिवसांत काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी भिंतीवरून मला गाठलं. मी नुकतीच आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या.

"मॅडम, एकट्याची काय पंगत होते? डाक्टरनं सगरे म्हनलं. सगरे म्हनजे मी एकटा काय?"

"काका, मी आत्ताच आले हो."

"बसाचंच आहे ना. बसून राहाचं. इथं काय तुमाले शिकवाचं आहे?"

मी गेले आणि सतरंजीवर बसले. काकांनी ओळीनं वाढलं, आधी पाहुण्याला, मग मला. टोकाला आले, म्हणजे भिंतीपाशी, आणि विचारलं, "कोनी राहिला का?" मी "नाही" म्हणाले आणि गाजर चावलं. मग तेही कोपऱ्यात टेकले. पाहुण्यानं माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं. त्या दिवशी खाल्लं नाही. पुढच्या दिवशीही नाही.

मधे मी न राहवून डॉक्टरणीला फोन लावला. म्हटलं, पक्षी प्लेटीत खायला तयार नाही. ती म्हणाली, "कौन सी प्लेट?" मी ताटलीचं सांगितलं, आणि तिकडून हसण्याचा आवाज आला. ती पेलेट म्हणाली होती. पेलेट म्हणजे पक्ष्यांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या बारीक गोळ्या. दाण्यावरून हळूहळू पेलेटवर आणा, असं तिचं म्हणणं. थव्यानं राहणारा पक्षी आहे, समोर बसून खा, हे मात्र काकांनी बरोबर ऐकलं होतं.

मी काकांना सांगितलं. त्यांना काडीचाही संकोच वाटला नाही. "मंग पेलेट पन प्लेटीतच वाढू," म्हणाले. नागपूरहून गोळ्या मागवल्या. पाहुण्याच्या वाटीत घातल्या तर त्यानं वाटी उलटी केली. ताटलीत मूग आणि पाल्याच्या शेजारी वाढल्या, आणि आम्ही दोघं तोंडं वाजवत बसलो. खोटं कशाला बोलू, मी एक गोळी खाऊनही दाखवली. चवीला जुन्या पुठ्ठ्यासारखी असते. पाहुण्यानं तुरा उभा केला, मान वाकडी केली, आणि माझ्या ताटलीतून, स्वतःच्या नव्हे, शेवग्याचं एक पान ओढलं.

काकांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग म्हणाले, "पाहा, दुसऱ्याच्या पानातलं पयले दिसते. अगदी पोट्ट्यावानी."

मला वाटलं, झालं, सुटले. पण काकांच्या मते पाहुणा अजून पक्का नव्हता. "दिवसा तोंड नाइ लावत. तुमी आले का खाते." मग रोज तेच. दिवेलागणीला भिंतीवरून हाक, "मॅडम, पंगत बसून राहिली." पंगतीचे नियमही होते. आधी उठायचं नाही. सगळ्यांचं झाल्याशिवाय ताट सोडायचं नाही. पाहुणा हा नियम रोज मोडायचा. दोन पानं, चार मूग खाल्ले की पंख फडफडवून पडद्याच्या दांडीवर. काका ओशाळून माझ्याकडे बघायचे. "वळन नाइ अजून लागलं. मनावर घेऊ नका."

सगळ्यात वाईट हाल चहाचे झाले. पाहुण्याला चहा बंद, म्हणून त्याच्यासमोर कोणी प्यायचा नाही. "पाहुना पाहून राहिला, अना आपुन ढोसाचा? बरं दिसते काय?" मग मागच्या अंगणात, मोरीपाशी, नळाच्या आडोशाला आम्ही दोघं उभ्यानं चहा प्यायचो, बोलणंसुद्धा दबक्या आवाजात. एकदा गल्लीतल्या बाईनं गच्चीवरून बघितलं. तिनं काय अर्थ काढला, कोण जाणे. माझ्यात खुलासा करण्याची ताकद नव्हती. भातही तसाच. खारट भाताची त्याला चटक, म्हणून भात त्याच्या नजरेला पडता कामा नये. काका म्हणायचे, "मी मागाहून खाऊन घेतो आतमधी." मी 'बरं' म्हणायचे.

पाहुणा सुधारत गेला. पोट आत गेलं, पिसं चमकायला लागली. सकाळी शीळ घालायचा, ती माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. काका मात्र बारीक होत गेले. सदरा हँगरवर टांगल्यासारखा दिसायला लागला. मी धरून चालले, की रोजच्या गाजरानं होत असेल. मलाही थोडं बारीक व्हायला आवडलं असतं, पण मला काही गुण आला नाही.

हिवाळ्यात माझं सगळंच अंगावर आलं. शाळेत एक शिक्षिका रजेवर, दोन वर्ग माझ्याकडे, शिवाय मोबाइलवर माहिती भरायची नवनवी कामं. गाडीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे. घरी आलं की वाटायचं, कोणी काही विचारू नये. भिंतीवरून हाक आली की पाय ओढत जायचे. एक दिवस मी नवऱ्याला म्हटलं, आता मी काकांना सांगणार, की मला जमत नाही. पाहुणा ठणठणीत आहे, त्यांनी आपलं आपलं बघावं. नवरा अर्धवट झोपेत म्हणाला, "सांग ना." मी दोन दिवस वाक्यं जुळवली. गोड शब्दांत, पण ठाम.

गोंदियातच शिक्षकांची सभा होती, ती लवकर आटोपली. भर दुपारी मी घरी आले. म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं, संध्याकाळ मोकळी मिळेल. काकांचं फाटक लोटलं. व्हरांड्याच्या जाळीशी आले आणि थांबले.

पाहुणा सतरंजीवर होता, ताटलीपुढं, एकटा. शेवग्याच्या पाल्याच्या काड्या उडत होत्या. त्यानं गोळ्या फोडल्या, मूग संपवले, गाजराचा कीस चोचीनं उचलून इकडंतिकडं फेकला, परत वेचून खाल्ला. कोणी समोर बसलेलं नव्हतं, कोणी आग्रह करत नव्हतं. भुकेल्या माणसासारखा, मन लावून, सगळी ताटली साफ.

पलीकडे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. काका पाटावर बसले होते, पाहुण्याला दिसू नये म्हणून पाठमोरे. पुढं ताट, ताटात भात, वर वरण. ते जेवत नव्हते. हात भातात ठेवून बसले होते, नुसते. बराच वेळ. मग एक घास उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि परत खाली ठेवला. उठले, भात भांड्यात परत टाकला, झाकण ठेवलं. बाहेर येऊन पाहुण्यापाशी उकिडवे बसले.

"तुह्यं बरं आहे गा," ते त्याला म्हणाले. "तू शिकला एकट्यानं. मले नाइ जात."

पाहुणा चोच पुसत होता.

"संध्याकारी येते मॅडम," काका म्हणाले. ते त्याला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

मी पाय न वाजवता फाटकाबाहेर आले. घरात येऊन खुर्चीवर बसले. आधी मला राग आला, इतके महिने खोटं बोलून मला दमवलं म्हणून. मग त्या टांगलेल्या सदऱ्याची आठवण झाली आणि रडू आलं. रडताना लक्षात आलं, की मीही पुष्कळ दिवसांत ओट्यापाशी उभ्यानं जेवले नव्हते. गाजर का होईना, बसून खाल्लं होतं. जुळवलेली वाक्यं मला एकही आठवेना. उठून कुकर लावला.

दिवेलागणीला हाक आली. "मॅडम, पंगत बसून राहिली."

मी गेले, तर हातात डबा होता. काका सतरंजी झटकत होते. नेहमीचंच म्हणाले, "सकारपासून तोंड नाइ लावलं पाहुन्यानं. लय जिद्दी."

"हट्टी आहे खरा," मी म्हणाले. मी डबा उघडला. पांढरा भात, वरण, वांग्याची भाजी. काका झटकन माझ्या आणि पक्ष्याच्या मधे आले.

"अवं, झाका ते. भात पाहिन ना थो."

"पाहू द्या. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. आता तो सुधारलाय, तर भात लपवायचा नाही म्हणाल्या. त्याला बिनमिठाची दोन शितं चालतात. आणि आपण त्याच्यासमोर पूर्ण जेवण जेवायचं. रोज. गाजर पुरत नाही म्हणाल्या."

"डाक्टरनं सांगतलं?"

"हो."

"भात पन?"

"भात तर मुद्दाम सांगितला."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. आश्रमशाळेत खोटं बोलणारी पोरं त्यांनी ढिगानं पाहिलेली आहेत. ते आत गेले आणि दोन मोठी ताटं आणून मांडली, एक माझ्यापुढं, एक कोपऱ्यात. हातात पळी घेतली. पाहुण्याच्या ताटलीत पाला, गोळ्या, मूग, आणि काठावर दोन शितं. माझ्या ताटात भात, त्यावर वरण, बाजूला भाजी. वाकून, उजवा हात पुढं, डावीकडे कललेले. "घ्या, अजून घ्या, काऊन लाजून राहिले," असा आग्रह. मी घेतलं. मग ते सरकत सरकत सतरंजीच्या टोकाला गेले, जिथं कोणीही बसलेलं नव्हतं, आणि सवयीनं विचारलं,

"कोनी राहिला का?"

मी राज्याच्या दुसऱ्या टोकाची. इथं इतकी वर्षं काढून ही बोली माझ्या तोंडात बसलेली नाही. कधी बोलायला गेले तर वर्गातली पोरं हसतात. पण भिंतीपलीकडून ऐकलेलं ते उत्तर मला पाठ होतं. मी मान वर केली नाही.

"तुमीच राहिले," मी म्हणाले. "बसा आता."

काका पळी हातात धरून उभे राहिले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पूर्ण संपेपर्यंत उभे होते. मग त्यांनी पळी भांड्यात ठेवली आणि कोपऱ्यातल्या ताटावर बसले. मी त्यांच्या ताटात वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. वरण आळणी झालं आहे, असं म्हणाले, आणि परत मागून घेतलं.

पाहुण्याचं केव्हाच आटोपलं होतं. रोजच्यासारखा तो दांडीवर जाऊन बसेल, असं मला वाटलं. पण आमचं दोघांचं जेवण होईपर्यंत तो ताटलीवरून उठला नाही. एका पायावर उभ्या उभ्या झोपला होता, हे खरं आहे. पण उठला नाही.